गळ्यात माळ आणि कागदावर ‘मद्यपान : होय’

मी गंगाखेड तालुक्यातला. वय ५२. गावात कृषी सेवा केंद्र आहे, सकाळी नऊ ते रात्री आठ गल्ल्यावर बसून असतो. एकोणिसाव्या वर्षी पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून मटण-मच्छी, दारू, काही नाही. गेल्या चैत्रात उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं म्हणून एका मोठ्या दवाखान्यात गेलो. शहराचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रक्त, सोनोग्राफी एका सकाळीच उरकली. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी साठलेली. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, तीन महिन्यांनी दाखवा.

घरी आल्यावर लेकीनं कागद वाचायला घेतला. ती नांदेडला बी.एस्सी. करते. वाचता वाचता थांबली आणि कागद माझ्याकडं न देता आईकडं दिला. पूर्वेतिहासाच्या रकान्यात छापलं होतं, ‘मद्यपान : होय, अनेक वर्षे’.

मला कुणी विचारलंच नव्हतं. आत नेण्याआधी एका पोरानं वजन घेतलं, नाव-गाव विचारलं, आजार विचारला. लिव्हर म्हटलं की दारू, असं धरून त्यानं परस्पर टिक केली असणार. लेक म्हणाली, “आबा, मला माहीतय हो, पण हा कागद उद्या विम्याला लागला तर?” तिचं खरं होतं. दारूमुळं झालेल्या आजाराचा खर्च अनेक पॉलिसींत मिळत नाही. पण मला विम्यापेक्षा माळेचं जास्त लागलं, हे मोकळेपणानं सांगतो.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं गेलो. केसपेपरच्या खिडकीवर म्हणाले, नोंद आमची नाही, ओपीडीत विचारा. ओपीडीत कळलं, ते डॉक्टर फक्त मंगळवार-शुक्रवार बसतात. शुक्रवारी परत गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पेनानं रेघ मारली, बाजूला सही केली. मला वाटलं, झालं. औषधाच्या खिडकीवर नवीन कागद छापून आला, त्यावर पुन्हा तेच, ‘मद्यपान : होय’. कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो तर म्हणे, एकदा सेव्ह झालं की आम्हाला बदलता येत नाही, कार्यालयात अर्ज द्या. कार्यालयातल्या बाई जेवायला गेलेल्या. दीड तास बाकावर बसलो. आल्या, अर्ज घेतला, सोबत मूळ केसपेपर ठेवून घ्यायला लागल्या. मी दिला नाही, खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली.

इथंच सांगतो, नाहीतर विसरेन : अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. मी तसं केलं नव्हतं. अकरा दिवसांनी, मंगळवारी गेलो तेव्हा “तुमचा अर्ज आलाच नाही” असं ऐकावं लागलं. त्याच टेबलावर, त्याच ट्रेमध्ये, पाच-सहा कागदांच्या खाली माझं अक्षर मला दिसत होतं. मी बोट दाखवलं. तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक जण म्हणाले, “काका, एवढं काय मनाला लावून घेता? सगळेच म्हणतात आम्ही पीत नाही.”

तेहतीस वर्षं झाली माळेला. बावीस वाऱ्या पायी केल्या. माझा हात आपसूक गळ्याकडं गेला, पण माळ काही मी त्याला दाखवली नाही. पाणी प्यायलो आणि सरळ डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो. शेवटचा पेशंट गेला तेव्हा अडीच वाजले होते.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट पुढं ओढला. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतात ते दोन आकडे : एसजीपीटी ८४, एसजीओटी ५२. म्हणाले, दारूच्या लिव्हरमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीवर जातं. नुसत्या एवढ्यावर ठरवत नाहीत, पण तुमचं चित्र साखरेचं आणि पोटाचं आहे. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ (दारूशिवायचा) काढून ‘मेटाबॉलिक’ (शरीरातल्या साखर-चरबीच्या बिघाडाचा) हा शब्द घातला, हेही त्यांनीच सांगितलं. मग स्वतः उठून कॉम्प्युटरच्या खोलीत आले. वीस मिनिटांत नोंद बदलली. तीन खेपांचं काम वीस मिनिटांचं होतं!

त्या दिवशी त्यांनी विचारलं, दिवसाला चहा किती? मी म्हटलं, दुकान आहे, गिऱ्हाईक आलं की चहा, सात-आठ होतात. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं आठ कपांचे सोळा चमचे साखर वाटीत काढली आणि दुकानातल्या बियाण्याच्या काट्यावर ठेवली. वाटी वजा जाता ७० ग्रॅमच्या वर भरली. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि मी तीन आठवडे भाकरीवरचं तेल-तूप सोडून बसलो होतो! साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, म्हणजे फळांत असते ती साखर असतो, त्याचा निचरा मुख्यतः लिव्हरलाच करावा लागतो आणि जास्त झालं की लिव्हर त्याची चरबी करतं.

आता दोन चहा, बिनसाखरेचे. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, नंतर गोड चहाच नको वाटायला लागला. ज्वारीच्या चार भाकरींच्या दोन केल्या, पण अंबाडी, मेथी, पिठलं, वरण दुप्पट. करडईचं तेल बंद नाही, मोजून आहे. एकादशीला साबुदाणा आणि बटाटा सोडला, मूठभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेतो. सप्ताहाच्या पंगतीत बुंदी वाढायला उभा राहतो. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं चाळीस मिनिटं, दम लागेल असं चालतो.

वजन ८४ वरून सहा महिन्यांत ७७ झालं. पाच टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी हटायला लागते, सात ते दहा टक्क्यांत सूजही उतरते. उपाशी राहून झटपट उतरवू नका, त्यानं लिव्हरला उलट त्रास होऊ शकतो. कमरेला टेप लावा : आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं. रक्ताचे आकडे चांगले असूनही फॅटी लिव्हर असू शकतं, त्यामुळं फक्त रिपोर्टवर विसंबू नका.

काढ्यांचं राहिलंच. कळल्यापासून तीन पाहुण्यांनी ‘लिव्हर साफ करणारं’ झाडपाल्याचं औषध आणून दिलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. लिव्हरला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूची लस मी घ्यायला लागलोय, दोन डोस झाले, तिसरा बाकी आहे.

मागच्या महिन्यात एसजीपीटी ३८ आलं, सोनोग्राफीत ग्रेड १. त्या दिवशी केसपेपर काढताना खिडकीतल्या मुलाला म्हटलं, बाबा, स्क्रीन जरा इकडं फिरव. त्यानं फिरवली. मी चष्मा लावला, रकाना शोधला, ‘नाही’ वाचलं आणि मगच दहा रुपये पुढं केले.