तेरावा फ्लॅट

बँकेतून आलेल्या फाईलवर लाल पेनाने ‘अर्जंट’ लिहिलेलं होतं. नाशकात हल्ली सगळ्याच फाईली अर्जंट असतात. कुंभ येतोय, समृद्धी झाली, आज टोकन दिलं नाही तर उद्या फ्लॅट हातचा जाईल, हे एजंटांचं पाठांतर. त्यापायी अंबडला नोकरी करणाऱ्या एका तरुणाने इंदिरानगरमधला रीसेल फ्लॅट बघून दुसऱ्याच दिवशी दोन लाखांचा विसार दिला होता. खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो म्हणे. कागद बघायचं काम नंतर, म्हणजे माझ्याकडे, बँकेच्या वकिलाकडे.

तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या व्यवहारांचा शोध, स्वच्छ निघाला. २००९ मध्ये बिल्डरने केलेली पहिली विक्री, २०१४ मध्ये आत्ताच्या मालकाला दुसरी, दोन्हींचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, व्यवस्थित. बोजा नाही, घरपट्टी भरलेली, वीजबिल मालकाच्याच नावावर. रिपोर्ट टाइप करायला सांगणार, एवढ्यात खटकलं. इमारत १९९७ ची. मग हा एकच फ्लॅट बिल्डर बारा वर्षं का सांभाळून बसला होता?

इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची होती. अशा इमारतीचं डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवलेलं असतं, आणि कुठल्या सदनिकेला जमिनीत आणि सामाईक जागेत किती टक्के हिस्सा, ते त्यात लिहिलेलं असतं. ज्युनिअरला नक्कल काढून आणायला पाठवलं. चार मजले, मजल्यावर तीन सदनिका. आठ मोठ्यांना प्रत्येकी नऊ टक्के, चार लहानांना सात. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, मग उगाच पुन्हा केली. शंभर. तेराव्याला, म्हणजे आमच्या या फ्लॅटला, उरलं शून्य. पुढच्याच पानावर गच्ची सामाईक म्हणून नोंदलेली.

जागेवर जाणं हे व्हॅल्युअरचं काम, वकिलाचं नव्हे. पण राहवलं नाही. लिफ्ट चौथ्यापर्यंतच होती, पुढे जिना. वर ग्रॅनाइटचा ओटा, नवं फॉल्स सीलिंग, सगळं चकचकीत. (जुन्या घरात नवं फॉल्स सीलिंग दिसलं की माझी नजर आधी ओल शोधते, सवयच आहे.) उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांना गच्चीचं विचारलं, तर म्हणाल्या, “अहो, तिथे आमचे पापड वाळायचे. एका दिवाळीला गावाहून आलो, तर भिंती उभ्या.”

“मग तक्रार नाही केली?”

“यांनी केली होती. पुढे हे गेले.”

संध्याकाळी दोघे नवरा-बायको आणि मालक समोर बसले. मालक चिडले नाहीत, गोंधळले. “मॅडम, रजिस्ट्री झालीय, घरपट्टी भरतोय. मग माझा फ्लॅट नाही म्हणता कसा?” दुय्यम निबंधक मुद्रांक, सह्या, ओळख बघतात, गच्ची कुणाची ते ठरवत नाहीत, आणि महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते, त्याने ते अधिकृत होत नाही, हे मी सांगितलं. मालक कर्ज न काढता, गावाकडची जमीन विकून आले होते. त्यामुळे २०१४ ला त्यांची फाईल कुठल्याच वकिलापुढे गेली नव्हती. खरं सांगायचं तर मला वाईट त्यांचंच जास्त वाटलं.

तरुणाची बायको इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारलं, “आमचा विसार?” विसारपावतीत कर्ज नामंजूर झालं तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. पावती एजंटच्या छापील फॉर्मवर होती. तीन महिने हेलपाटे घालून दीड लाख परत मिळाले.

रिपोर्टमध्ये मी मालकी हक्क निर्वेध नाही असं लिहिलं, आणि बँकेने फाईल बंद केली.

परवा त्या रस्त्याने जाताना पाचव्या मजल्याकडे सहज मान वर गेली. खिडकीला नवे पडदे होते. कुणीतरी रोखीत घेतला असणार.