विकिरण केलेला कांदा किरणोत्सारी का होत नाही?

लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण संयंत्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत, आंब्यातल्या किडीची पुढची पिढी होऊ नये म्हणून माल तिथे गॅमा किरणांसमोरून नेतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूस-केसरचं विकिरण तिथेच झालं. तरीही कांद्या-आंब्यावर ‘किरणं मारतात’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मग ती किरणं आंब्यात राहत असतील ना? ‘सरकारची मान्यता आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. खरं उत्तर अणूच्या रचनेत आहे आणि दहावीच्या विज्ञानावर ते नीट समजतं.

अणूत दोन वेगळे व्यवहार चालतात. एक बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. स्वयंपाक, आंबा पिकणं, कांदा सडणं, डीएनएचा धागा तुटणं हे सगळं याच व्यवहारात मोडतं आणि त्यातली ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते. पाण्याच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. दुसरा व्यवहार केंद्रकातला. तिथे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना धरून असतात आणि त्यांची बंधनऊर्जा दर कणामागे सरासरी ८ एमईव्हीच्या आसपास असते. एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. किरणोत्सारिता ही पूर्णपणे या दुसऱ्या व्यवहारातली गोष्ट आहे. म्हणूनच किरणोत्सारी पदार्थ तापवला, गोठवला, आम्लात विरघळवला तरी त्याची किरणोत्सारिता कमी होत नाही. ती रासायनिक क्रिया इलेक्ट्रॉनांपुरती राहते, केंद्रकाला तिचा पत्ताही लागत नाही.

आता कोबाल्टकडे येऊ, कारण संयंत्रातली किरणं येतात ती त्याच्यापासूनच. खाणीतून निघणारा कोबाल्ट सगळा कोबाल्ट-५९ असतो: २७ प्रोटॉन, ३२ न्यूट्रॉन, आणि पूर्ण स्थिर. हा धातू अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन त्याच्या केंद्रकात शिरतात. न्यूट्रॉनला विद्युतप्रभार नसतो, त्यामुळे धनप्रभारित केंद्रक त्याला ढकलून लावू शकत नाही. ३३वा न्यूट्रॉन आत गेला की कोबाल्ट-६० तयार होतो आणि हा एक न्यूट्रॉन त्याला जड जातो. यथावकाश एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन (बीटा कण) व एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. प्रोटॉन २८ झाले म्हणजे आता तो कोबाल्ट राहिला नाही, निकेल-६० झाला. हा नवा निकेल उत्तेजित अवस्थेत जन्मतो आणि लगेच दोन पायऱ्या उतरून शांत होतो. पहिल्या पायरीवर १.१७ एमईव्हीचा आणि दुसरीवर १.३३ एमईव्हीचा गॅमा किरण सुटतो. काटेकोर बोलायचं तर ‘कोबाल्टचे गॅमा किरण’ निकेलचेच असतात, पण तसं कोणी म्हणत नाही.

बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त ०.३२ एमईव्ही. कोबाल्ट स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी आवरणात, पेन्सिलीसारख्या नळकांड्यांत बंद असतो. बीटा त्या पोलादातच अडकतात, बाहेर येतात ते फक्त गॅमा.

हा गॅमा किरण कांद्याच्या क्रेटमध्ये शिरला की बहुतेक वेळा एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो, आपली काही ऊर्जा त्याला देतो आणि दिशा बदलून पुढे जातो. हाच कॉम्प्टन परिणाम. उडालेला इलेक्ट्रॉन वाटेत आणखी हजारो रेणूंचे इलेक्ट्रॉन सोडवत जातो. हवेत एक आयनजोडी (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला धनप्रभारित रेणू) तयार व्हायला सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात. त्या हिशेबाने सरासरी १.२५ एमईव्हीचा एक किरण पूर्ण शोषला गेला तर ३५ हजारांहून जास्त आयनजोड्या होतात. कांद्यात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलकं (रेणूचे अतिशय क्रियाशील तुकडे) तयार होतात आणि ती कोंबातल्या पेशींचा डीएनए तोडतात. उरलेला गॅमा किरण अशाच दोन-चार धडकांत क्षीण होऊन शेवटी शोषला जातो किंवा क्रेटबाहेर निघून भिंतीत संपतो. मागे साठून राहील असं काही उरतच नाही.

पण केंद्रकाचं काय? कांदा किरणोत्सारी व्हायचा असेल तर त्यातल्या कार्बन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उपटावा लागेल. कार्बन-१२ मधून एक न्यूट्रॉन काढायला १८.७ एमईव्ही, ऑक्सिजन-१६ ला १५.७ आणि नायट्रोजन-१४ ला १०.६ एमईव्ही लागतात. सगळ्यांत सैल बांधलेली केंद्रकं पाहिली तर जड हायड्रोजनला (ड्यूटेरियम) २.२२ आणि बेरिलियमला १.६७. आपल्या किरणाकडे आहेत १.३३. किरणांची संख्या कितीही वाढवली तरी प्रत्येक किरणाची ऊर्जा तेवढीच राहते, म्हणून ‘जास्त वेळ ठेवलं तर होईल का’ याचंही उत्तर नाहीच. अन्न विकिरणासाठी क्ष-किरणांना साधारण ५ आणि इलेक्ट्रॉन झोताला १० एमईव्हीची मर्यादा घातलेली आहे ती याच हिशेबाने. न्यूट्रॉनचा मारा केला असता तर गोष्ट वेगळी होती. कोबाल्ट-५९ चा ६० झाला तो तसाच. पण या संयंत्रात न्यूट्रॉन नसतात.

जाता जाता: कांदा, आंबा, आपण स्वतः, सगळे आधीपासून थोडे किरणोत्सारी आहोतच. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी ०.०१२ टक्के पोटॅशियम-४० असतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला ३१ केंद्रकं फुटतात, म्हणजे ३१ बेक्वेरेल. आंब्याच्या किलोभर गरात जेमतेम पावणेदोन ग्रॅम पोटॅशियम धरलं तर ५० बेक्वेरेलच्या आसपास होतात. हा आकडा विकिरणाआधी जेवढा असतो, तेवढाच नंतरही.

मग धोका कशात आहे? स्रोत फुटण्यात. किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी द्रव्य अंगाला, मातीला, अन्नाला लागणं वेगळं. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली हे दुसरं घडलं. प्रयोगशाळेतलं जुनं गॅमा यंत्र भंगारात विकलं गेलं, आतल्या कोबाल्ट-६० च्या पेन्सिली कापल्या गेल्या, तुकडे दुकानादुकानांत गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. तिथे केंद्रकं स्वतःच हातोहात फिरली. कांदा फक्त पेन्सिलीसमोरून जातो, त्याला कोबाल्टचा कणही लागत नाही. बहुतेक संयंत्रांत काम नसताना स्रोत खोल पाण्याच्या कुंडात उतरवून ठेवतात, आणि ते पाणी नियमित तपासतात ते एवढ्याचसाठी की एखाद्या पेन्सिलीचं आवरण गळायला लागलं तर पाण्यात आधी कळतं.

आता संयंत्राचा हिशेब, कारण खऱ्या चुका इथे होतात.

स्रोताची किरणोत्सारिता क्युरी या एककात मोजतात. एक लाख क्युरी कोबाल्ट-६० म्हणजे शुद्ध समस्थानिक मोजला तर फक्त ९० ग्रॅमच्या आसपास. दर सेकंदाला त्यात ३.७ गुणिले १०चा १५वा घात इतकी केंद्रकं फुटतात. एवढं ऐकून छाती दडपते, पण गॅमांची एकूण शक्ती भरते सुमारे दीड किलोवॉट, घरगुती गीझरपेक्षाही कमी. मात्रा मोजतात ग्रेमध्ये: एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. मसाल्यांतल्या जंतूंसाठी ६ ते १४ किलोग्रे लागतात, आणि त्यासाठी वाशीला २००० पासून वेगळं संयंत्र आहे. स्रोतातली पाव ऊर्जा मालात शोषली जाते असं धरलं तर या एक लाख क्युरीवर ७५ ग्रेने कांदा तासाला १७-१८ टन निघेल, आणि १० किलोग्रेने मिरची-हळद तासाला जेमतेम १३० किलो. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात क्रेट चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो आणि आकडा खाली येतो. पण कांद्याचं आणि मसाल्याचं अर्थकारण इतकं वेगळं का, ते यावरून दिसतं. आणि १० किलोग्रेनेसुद्धा पाण्याचं तापमान २.४ अंशच वाढतं, त्यामुळे माल शिजण्याचा प्रश्न येत नाही.

भिंतींचं गणितही सोपं आहे. कोबाल्टचे गॅमा निम्मे करायला काँक्रीट साधारण ६ सेंटिमीटर लागतं. दीड मीटरची भिंत म्हणजे असे २५ थर, आणि किरण उरतात तीन कोटींत एक.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. कोणतं केंद्रक कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण सगळ्यांचा मिळून दर पक्का असतो: महिन्याला १.१ टक्का घट, वर्षाला १२ टक्के. कन्व्हेयरचा वेळ त्या प्रमाणात वाढवत न्यावा लागतो. हे राहून गेलं तर गेल्या मोसमात बरोबर ४०० ग्रे देणारी सेटिंग या मोसमात ३५१ ग्रे देते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी किमान ४०० ग्रे ही अट आहे, म्हणजे अख्खी खेप बाद.

दुसरी अडचण क्रेटच्या मध्यभागाची. बाहेरची फळं आतल्या फळांना आडोसा करतात. म्हणून क्रेट दोन्ही बाजूंनी स्रोतासमोरून नेतात आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त मात्रा कुठे पडते याचा नकाशा आधी काढतात. खोक्यात फळं जास्त कोंबली किंवा खोक्याचं माप बदललं, तर तो नकाशा रद्द समजून नव्याने काढायचा. कमाल मात्रेलाही छत आहे, ताज्या फळांना १ किलोग्रे. ते गाठण्याआधीच नाजूक आंब्याच्या सालीवर डाग पडू शकतात.

कांद्याच्या मात्रा मोजायला फ्रिक द्रावण चांगलं. फेरस सल्फेटचं आम्ल द्रावण कुपीत भरून क्रेटमध्ये ठेवतात. किरणांनी फेरसचं फेरिक होतं आणि ते किती झालं हे ३०४ नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजतात. साधारण ४० ते ४०० ग्रेपर्यंत ते विश्वासाचं आहे. आंब्याची मात्रा त्याच्या टोकाला जाते, तिथे दुसरा मापक हवा. कुपीत सेंद्रिय घाण राहिली तर फेरिक जास्त तयार होतं, मात्रा भरपूर दिसते आणि प्रत्यक्षात माल उपाशी राहिलेला असतो. खोक्यावरच्या रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवर तर मुळीच विसंबू नये. खोकं आत जाऊन आलं एवढंच ती सांगते.

आता शेतकरी-व्यापाऱ्यांच्या अपेक्षेबद्दल. विकिरणाने मोड थांबतो, सड थांबत नाही. काळी बुरशी इतक्या कमी मात्रेला दाद देत नाही, आणि वजनातली घट हवा व तापमानावर ठरते. त्यामुळे ओला, कापलेला, मार लागलेला कांदा विकिरण करून चाळीत टाकला तर पैसे वाया जातात. काढणीनंतर नीट सुकवलेला, माना मिटलेला रब्बी कांदा घ्यायचा, आणि तो सुप्तावस्थेत असतानाच म्हणजे काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत संयंत्रात गेला पाहिजे. आतला कोंब हलायला लागल्यावर विकिरण केलं तर तो मरतो आणि कांद्याच्या गाभ्यात काळपट-तपकिरी ठिपका राहतो. विकिरण केलेला कांदा बियाणं म्हणून लावायचा नाही, हेही वेगळं सांगावं लागतं.

आंब्यात उद्देश वेगळा: फळमाशी आणि कोयीतला भुंगा. ४०० ग्रेने ही कीड जागच्या जागी मरेलच असं नाही, तिची पुढची पिढी होत नाही, एवढं पुरतं. त्यामुळे विकिरण झालेल्या आंब्याची कोय फोडल्यावर आत हलणारा भुंगा दिसू शकतो. अशा वेळी संयंत्र निकामी ठरवण्याआधी त्या खेपेची किमान मात्रेची नोंद पाहायची.