आप्पांच्या नावापुढचा ‘राव’

आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं आणि पतसंस्थेतली त्यांची ४२ हजारांची ठेव मागच्या आठवड्यात कुठे आमच्या हातात पडली. पाच महिने गेले. कशात, तर एका ‘राव’मध्ये.

झालं असं की पिग्मीवाला एजंट गावातलाच, त्याने पावती करताना मान म्हणून आप्पांच्या नावापुढे राव लावला. आधारवर राव नाही, मृत्यूच्या दाखल्यावर नाही, सातबाऱ्यावर नाही. आयुष्यभर त्यांना राव कोणी म्हटलं नाही, म्हटलं ते या पावतीने. वरून नॉमिनी आमची आजी, ती तर आप्पांच्याही आधी गेलेली. (तुमच्या घरातल्या पावत्या आजच काढून बघा, नॉमिनी हयात आहे का ते. आणि पतसंस्थेच्या सभासदाच्या शेअर्सचं नॉमिनेशन वेगळं भरावं लागतं, ते आम्हालाही तेव्हाच कळलं.)

काउंटरवरचे साहेब म्हणे हा माणूस वेगळा, नावबदलाचं गॅझेट आणा. म्हटलं साहेब, माणूस वारला, आता नाव बदलायला कोणाला पाठवू? तर म्हणे मग मॅनेजरला विचारतो, सकाय या. सकाय गेलो तर मॅनेजर वसुलीला. परत गेलो तर साहेब कळण्याची भाकरी आणि ठेचा उघडून बसलेले, “कसाले घाई करस भो, पैसा कुठे पळी नही जात.” ऐन कापूस वेचणीचे दिवस, मजूर शेतात सोडून एसटीने यायचं आणि ही उत्तरं ऐकून जायचं. चार चकरांनंतर म्हणे विषय संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये ठेवावा लागेल. मीटिंग महिन्यातून एकदा, ती पण एकदा कोरम नाही म्हणून झालीच नाही.

तोपर्यंत सगळं तोंडी चाललेलं, ही माझीच चूक. शेवटी वकिलाकडून ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र केलं (स्टॅम्प आता १०० चा चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो), लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला, आणि खाली लिहिलं की प्रत सहाय्यक निबंधकांना (पतसंस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) पाठवतोय. पाठवली नव्हती अजून. पण त्याच महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय मंजूर, तेव्हा खरं सांगतो, मला जरा माज आला.

मग हमीपत्र, आईची सही, माझी सही, बहीण सुरतहून रात्रीच्या गाडीने आली तिची सही, ते एका दिवसात झालं. नॉमिनी असता तरी तो मालक होत नाही बरं का, पैसा त्याच्या हातात येतो पण हक्क वारसांचाच राहतो, म्हणून बहिणीला डावलून काही करायला जाऊ नका. मुदत संपल्यानंतरचं व्याज मात्र जुन्या दराने मिळालं नाही, पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलंच होतं. अजून एक, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो तसा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, त्यामुळे सगळा पैसा एकाच जागी नको. आईला हे पटवायला अजून दोन दिवस गेले.

अर्धे पैसे तिने परत तिथेच टाकले, तिच्या नावाने, नॉमिनी बहीण. फॉर्म भरायला तोच एजंट आला, आईचं नाव लिहिलं आणि पेन थांबवून विचारतो, “पुढे बाई लावू ना?”

पेन मी त्याच्या हातातून काढून घेतला.