कोथळी ते पंढरपूर: आधी पाय, मग अर्थ

मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते. पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, साधारण महिन्याची चाल. मलकापूर, मोताळा, राजूर घाट चढून बुलढाणा, मग चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड, भूम, माढा. आळंदी-देहूच्या वाटेवरची गर्दी इथं नाही, तेवढ्या सोयीही नाहीत. तयारी आपली आपणच करायची.

आमच्या वयाची पोरं या वारीत दोन कारणांनी येतात. एक घरची परंपरा, दुसरं 'पुढं काय?' एमपीएससीचे प्रयत्न संपत आलेले, केळीच्या बागेत मन लागत नाही, पुण्या-सुरतेची नोकरी नको वाटते. मग कुणीतरी सांगतं, वारी कर, जगण्याचा अर्थ कळेल. अर्थ शोधायला निघालेला पोरगा पहिल्या आठवड्यातच एसटीनं घरी जातो, असं माझं मत आहे. अर्थ सापडत नाही, फोड मात्र येतात.

ऊन चाळिशीच्या आसपास, डांबर तापलेलं, सुती मोजे घामानं भिजून टाचेला घासतात. नवे बूट घालून निघणं ही सगळ्यात महागडी हौस. बूट असो की सँडल, महिनाभर आधीपासून वापरात हवी आणि थोडी सैल हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुठं चुरचुरलं की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या विसाव्याला बघू' म्हणणाऱ्याचा फोड विसावा येईपर्यंत फुटलेला असतो. लहान फोडाला हात लावायचा नाही. मोठा, ताणलेला असेल तर सुई स्पिरिटनं पुसून कडेला टोचायची, पाणी हलकेच दाबून काढायचं, वरची कातडी तशीच ठेवून मलम आणि पट्टी. कातडी सोलली की दुसऱ्या दिवशीचं चालणं गेलं. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र सुई लावू नये, थेट डॉक्टरकडे जावं. मांड्याही काचतात, पण ते कुणी सांगत नाही. पहाटेच खोबरेल चोळून घ्या.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात कालवून पिणारे महाभाग दरसाल भेटतात. त्यानं तहान वाढते, वर उलटीही होते.

वळकटी ट्रकमध्ये जाते. खांद्यावर दोन-अडीच किलोच्या वर काही नको: पाणी, पंचा, प्लॅस्टिकचा कागद, दशम्या. पीठ दुधात मळलेलं म्हणून दशमी दोन-तीन दिवस चालते, पण पूर्ण गार करून कापडात बांधली तरच. गरम बांधली की वाफेनं बुरसते.

दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदुंग, वीणेकरी, मागं तुळशी घेतलेल्या माउल्या. वेग ठरतो तो मागच्या आजींवरून. तरुणाला हे जड जातं. तो पुढं पळतो, झाडाखाली बसतो, पिंढऱ्या आखडतात, आणि उठताना त्याचीच चाल त्या आजींपेक्षा मंद झालेली असते. ओळीत, टाळाच्या ठेक्यावर चालणारा कमी दमतो.

भिशी, म्हणजे दिंडीची जेवणाची वर्गणी, भरली की जेवण मिळतं, पण पोरानं अंगावर एखादं काम घ्यावंच. तंबूचं घ्यावं. पाऊस पडलेल्या काळ्या मातीत सरळ ठोकलेली खुंटी धरत नाही. तंबूपासून बाहेर तिरपी ठोकायची, दोरीवर मोठा दगड ठेवायचा, भोवती वीतभर चर काढून पाणी उताराला सोडायचं. चर उलट्या बाजूला काढला तर मध्यरात्री सगळ्यांच्या वळकट्या भिजतात. हे ज्याच्याकडे असतं, त्याला 'मी कशासाठी जगतो' हे त्या रात्री सुचत नाही. माझ्यापुरतं तत्त्वज्ञान एवढंच: आपल्यावाचून कुणाचं तरी अडेल अशा जागी उभं राहायचं. आधी अर्थ ठरवायचा आणि मग काम निवडायचं, हा क्रमच मला उलटा वाटतो.

कुणी म्हणेल, ही पळवाट झाली, कामात गुंतून प्रश्न दाबायचा. थोडं खरंही आहे. घरी परतल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहतो. पण मग जिच्यामागं चालतो तिच्याकडे बघा. परंपरेनं मुक्ताईचा काळ १२७९ ते १२९७ असा सांगतात, म्हणजे जेमतेम अठरा वर्षं. चौदाशे वर्षं जगल्याची आख्यायिका असलेल्या चांगदेवांनी या पोरीला गुरू केलं. लोकांवर रुसून ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानदेवांना तिनं समजावलं ते दार उघडण्यासाठीच. एकट्यानं आत बसून कोडं सुटेल, असं ती कुठं म्हणाली नाही.

वाखरीला बाकीच्या संतांच्या पालख्या भेटतात, तिथून पंढरपूर. द्वादशीला पारणं, भिशीचा हिशेब, ट्रक भरणं. तंबू ओले असतानाच घडी करून ट्रकमध्ये टाकायची घाई सगळ्यांनाच असते. गावी पोचल्यावर ते त्याच दिवशी सोडून, चिखल धुऊन, पत्र्याच्या शेडमध्ये दोरीवर टाकावे लागतात. आषाढात उन्हाचा भरवसा नाही, वाळायला चार दिवसही लागतात, आणि तोवर मदतीला आलेली निम्मी पोरं आपापल्या कामाला लागलेली असतात.