कोल्हापुरात इनलाइन स्केटिंग: विद्यापीठ, ताराबाई पार्क आणि रंकाळा

फुटबॉल आणि कुस्तीच्या या शहरात मैदानांना तोटा नाही. गांधी मैदान, मेरी वेदर, खासबाग अशी नावं कुणीही सांगेल. पण ती सगळी मातीची, चाकांना निरुपयोगी. एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइन स्केटना बारीक खडीचं डांबर लागतं आणि ते रिकामं मिळायचं तर रविवारची पहाट गाठावी लागते. अशाच एका सकाळी विद्यापीठ, ताराबाई पार्क ही वसाहत आणि रंकाळा तलाव अशी फेरी झाली. क्रमही हाच ठेवावा, त्याचं कारण पुढे सांगितलं आहे.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर शहराच्या आग्नेयेला, माळावर आहे. झाडीतले लांब रस्ते, वाहनं कमी, म्हणून शिकाऊ आणि सरावलेले दोघांनाही हीच जागा पहिली. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आधी विचारावं, परीक्षा आणि दीक्षान्त समारंभाचे दिवस टाळावेत. फिरायला येणारी मंडळी पुष्कळ असतात. त्यांच्या मागून जाताना हाताभर लांबून, वेग कमी करून आणि आवाज देऊन जायचं. रस्ता त्यांचा आधी.

इथली खरी अडचण उताराची. माळावरचा रस्ता डोळ्यांना सपाट वाटतो, पण चाकांना उतार लगेच कळतो. उतरण्याआधी दोन्ही स्केट समांतर ठेवून नुसतं उभं राहा. ढकलल्याशिवाय सरकू लागलात तर तो उतार आहे. आधी तो पूर्ण चढून जायचा. चढताना खड्डे, गतिरोधक, खडी आणि वळणापलीकडचा भाग नजरेखाली येतो. उतरताना टाचेचा ब्रेक सुरुवातीपासूनच हलका टेकवत ठेवायचा: ब्रेकचा पाय अर्धा फूट पुढे, त्या पायाचा चवडा वर, गुडघे वाकलेले, वजन मागच्या पायावर. वेग वाढल्यावर ब्रेक एकदम दाबला की शरीर वळतं आणि माणूस कडेला जातो. नवशिक्यांनी उतार सोडावा. पन्नास-साठ मीटरचा सपाट तुकडा गाठून तिथेच थांबणं घोटवलेलं बरं.

गतिरोधकाआधीचे पांढरे जाड पट्टे आणि बारीक खडी इथेच नाही, सगळ्या शहरात भेटतात. दोन्ही पाय शेजारी ठेवून त्यांवर गेलात तर चाकं अडतात आणि तोल थेट पुढे जातो. आखाड्यात पैलवान पवित्र्यात उभा राहतो तसं एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे ढिले. मग पुढचा पाय अडखळला तरी मागचा सावरतो. पडायचंच झालं तर गुडघ्यांवर पुढे. त्यासाठी गुडघ्याचे, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट हे चारही हवेत. मनगटाचे गार्ड सर्वांत जास्त विसरले जातात, आणि पडताना माणूस हात आधी टेकतो.

ताराबाई पार्कच्या आतल्या गल्ल्या सपाट आणि सावलीच्या. रविवारी सकाळी तिथे रहदारी बेताची असते. दोन गोष्टी सांभाळा. दारात सडा पडलेला असतो, गाड्या धुतलेल्या असतात. ओल्या डांबरावर बाजूला ढकलताना चाक घसरतं, म्हणून तिथे न ढकलता सरळ सरकत जायचं. दुसरं, कुत्री. चाकांच्या आवाजानं ती मागे लागतात. पळू नका. थांबा, चालत पुढे जा.

रंकाळा शेवटी ठेवायचा, कारण चौपाटीची फरशी आणि पेव्हर ब्लॉक यांवर सांध्यासांध्याला हादरा बसतो. ताज्या पायांनी तिथे गेलं तर उत्साहात वेग घेतला जातो आणि घोटे दुखून येतात. पाय मोकळे करत संथ सरकायला मात्र तळ्याकाठी फार छान. आठच्या आत आटपा. संध्याकाळी भेळेच्या गाड्या आणि मुलाबाळांच्या गर्दीत स्केट घालूच नयेत.

हंगामाचंही भान हवं. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरून ती गंजतात. जून ते सप्टेंबर बाहेरचा सराव बंद ठेवून सोसायटीच्या तळमजल्यावरचा पार्किंगचा कोबा वापरावा, अर्थात विचारून. ऊस गाळपाच्या दिवसांत कसबा बावड्याकडचा आणि फुलेवाडीकडचा रस्ता वर्ज्य. ट्रॅक्टर-ट्रॉल्या तर असतातच, शिवाय त्यांतून पडलेलं पाचट आणि उसाच्या कांड्या चाकाखाली आल्या की पाय जागीच अडतो. पन्हाळ्याच्या घाटाचं नावही काढू नये.

चाकांबद्दल. इथल्या खरबरीत डांबराला ८० किंवा ८४ मिलिमीटरची, ८२ए ते ८५ए कडकपणाची चाकं चांगली. फ्रेमवर, म्हणजे बुटाखालच्या चाकं धरणाऱ्या सांगाड्यावर, लिहिलेल्या मापापेक्षा मोठं चाक बसवू नका, ते फ्रेमला किंवा शेजारच्या चाकाला घासतं. आतली कड जास्त झिजते, म्हणून पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि बसवताना झिजलेली कड बाहेरच्या बाजूला ठेवून दुसऱ्या पायाच्या स्केटला. एक्सल, म्हणजे चाकातून जाणारा बोल्ट, घट्ट केल्यावर चाक अडकत असेल तर आतला स्पेसर (दोन बेअरिंगमधली छोटी नळी) बसवायचा राहिलेला असतो. तो बसवा, एक्सल ढिला ठेवून निघू नका, वाटेत गळून पडेल. धुळीनं बेअरिंग कुरकुरू लागली तर झाकण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंबच सोडा. जास्त तेलाला धूळ चिकटते.

पिशवीत एक्सलला बसणारी ॲलन की (षटकोनी पाना), एक जादा एक्सल, पाणी आणि साधी चप्पल असू द्या. एका जागेहून दुसऱ्या जागी दुचाकीवर जाताना स्केट काढूनच बसायचं. घरी आल्यावर आतला मऊ बूट बाहेर काढून सावलीत वाळवा.