ड्रेन प्लगचे आटे गेले होते, आता बसले: सहाव्या ऑईल चेंजची हकीकत

ऑईलचा थेंब थांबला. सहाशे किलोमीटर झाले, रोज रात्री गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा निघतोय, आणि ड्रेन प्लग (इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑईलच्या भांड्याचा, म्हणजे चेंबरचा, बूच-बोल्ट) टॉर्क पान्याने ३५ न्यूटन-मीटरला 'टक्' म्हणून जागेवर बसलाय. एका ऑईल चेंजला तीन आठवडे लागले. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर निदान माझे दोन आठवडे वाचावेत, म्हणून सगळं लिहून काढतेय.

मागचं थोडक्यात. पहिले चार ऑईल चेंज घरी केले होते. पाचवा डीलरकडे झाला, कारण एअरबॅगचं रिकॉल होतं (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या) आणि गाडी तिकडे न्यावीच लागली. काउंटरवर विचारलं, "मॅडम, ऑईलचीही वेळ झालीय, करून टाकायचं का?" मी हो म्हटलं. रिकॉलचं काम त्यांनी चोख केलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑईलची लेव्हल बघायची पट्टी काढली, तर ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. तेव्हा इथे लिहिलंच होतं की जवळपास अर्धा लिटर जास्त भरलंय. लेव्हल फार चढली की फिरता क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ऑईलला लागतो, फेस होतो, आणि पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो. म्हणून जास्तीचं ऑईल पट्टीच्या नळीतून सक्शन पंपाने काढलं आणि विषय तिथेच सोडला. ड्रेन प्लगकडे मी त्या दिवशीच बघायला हवं होतं.

या वेळी नेहमीची तयारी केली. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट केलं, पुढची चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना गुटके लावले. माझ्या गाडीचा प्लग चेंबरच्या मागच्या बाजूला आडवा आहे, त्यामुळे नाक वर केलं की ऑईल आपोआप भोकाकडे येतं. १७ मिलिमीटरचा, सहा बाजूंचा सॉकेट लावला. (बारा बाजूंचा सॉकेट ड्रेन प्लगला लावू नका, कोपरे गोल होतात. हे मी पुन्हापुन्हा सांगत राहणार.) नेहमीच्या रॅचेटने प्लग हलला नाही. लांब दांड्याने जोर दिल्यावर कडकन आवाज झाला आणि तो सुटला.

तोपर्यंत मी फक्त चिडले होते. भीती वाटली ती पुढच्या वेढ्यापासून. प्लग एकदा सैल झाला की बोटांनी फिरायला हवा. हा अर्धा वेढा, एक वेढा, दोन वेढे झाले तरी तेवढाच घट्ट, करकरत येत होता. शेवटचं ऑईल ठिबकल्यावर प्लग पुसून उजेडात धरला. पोलादी आट्यांच्या खाचांमध्ये अ‍ॅल्युमिनिअमची चकचकीत तार बसली होती. नखाने टोक उचललं तर स्प्रिंगसारखी उलगडत आली, पुरते चार वेढे. ते चेंबरचे आटे होते. आणि प्लगच्या डोक्याखाली एक नाही, दोन वायसर होते. जुना तांब्याचा, चेपून पातळ झालेला, तसाच चिकटून राहिलेला, आणि त्याच्यावर नवा अ‍ॅल्युमिनिअमचा.

आता मला क्रम असा दिसतो. जुना वायसर काढायचा राहिला. त्यावर नवा चढला, दोन्ही नीट बसेनात, म्हणून प्लग आणखी आवळला, बहुधा हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर गनने. एम१४ गुणिले १.५ चा (१४ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) पोलादी प्लग अ‍ॅल्युमिनिअमच्या चेंबरमध्ये असा आवळला तर हार मानतं ते अ‍ॅल्युमिनिअम. प्लगला ओरखडाही येत नाही. शिवाय आटे लगेच तुटत नाहीत, ताणले जातात. पुढच्या वेळी जो उघडेल त्याच्या हातात येतात.

डीलरला फोन केला. उत्तर आलं, "प्लग तुम्ही स्वतः काढला ना? मग आम्ही कसं सांगणार?" वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री विचार केला तेव्हा पटलं की माझ्याकडेही पुरावा नव्हता. गाडी ताब्यात घेतल्यावर लगेच फोटो काढला नव्हता, प्लगवर खूण नव्हती. घरी ऑईल बदलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: ज्या क्षणी तुमचा पाना प्लगवर बसतो, त्या क्षणापासून आधीच्या हातांचा हिशेब पुसला जातो. गाडी वॉरंटीत असेल तर पावत्या, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, ऑईलच्या डब्यावरच्या ग्रेडचा फोटो, सगळं जपून ठेवा. मी ठेवते. पण प्लगचा फोटो मात्र कधी काढला नव्हता.

मग दुरुस्ती. वेळ खरा इथे गेला.

जाड आट्यांचा, स्वतःच आटे पाडत आत जाणारा प्लग सर्वात सोपा म्हणतात. मला तो पसंत नाही. जरा तिरका धरला तर तिरका कापत जातो, आणि वायसरची बैठक कायमची वाकडी होते. रबरी फुगणारा बूच गाडी घरी आणण्यापुरता ठीक. नवा चेंबर हा सर्वात स्वच्छ मार्ग, पण तो यायला दोन महिने लागणार होते. म्हणून हेलिकॉइल मागवला. आला, हातात घेतला, आणि तिथेच मन बदललं. हेलिकॉइल म्हणजे शंकरपाळ्यासारख्या काटछेदाच्या तारेचं वेटोळं, गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं. स्पार्क प्लगच्या भोकाला, इंजिन माउंटच्या बोल्टला ते उत्तम काम करतं. पण ड्रेन प्लग दर काही महिन्यांनी उघडायचा असतो. प्लगबरोबर वेटोळं बाहेर येऊ शकतं, आणि तारेच्या पाठीमागून ऑईलला वळणावळणाची वाट मिळते. लेथवाले काका तर बघताक्षणी म्हणाले, "ताई, जे रोज उघडायचं तिथे तार नको, बुश घाला."

म्हणजे टाइम-सर्ट. ही पोलादी भरीव बुश असते, आत-बाहेर आटे, वर बारीक कॉलर. आधी भोक मोठं करायचं, मग कॉलर बसेल एवढी खाच घ्यायची, मग टॅपने नवे आटे पाडायचे, आणि बुश त्याच्या खास ड्रायव्हरने आत फिरवायची. ड्रायव्हर आतल्या शेवटच्या आट्यांपाशी पोचला की त्यांना दाबून बाहेर फुगवतो, त्यामुळे बुश चेंबरच्या धातूत कायमची अडकते. ते शेवटचे दोन वेढे जड जातात. आधी जड, मग एकदम हलकं. हातातला तो फरक मी विसरणार नाही.

पण तिथे पोचायला आणखी एक आठवडा गेला. आधी ठरवलं होतं की चेंबर न काढता, टॅपवर ग्रीस थापून, जागेवरच काम करायचं. ग्रीसमध्ये चुरा अडकतो, उरलेला जुन्या ऑईलने धुवून काढायचा. हे बरेच जण करतात. प्लग खालच्या तोंडाचा असेल तर चालतंही, चुरा आपल्या वजनाने खाली पडतो. माझा आडवा, म्हणजे चुरा सरळ आत जाणार. शिवाय ड्रिल घेऊन गाडीखाली सरकले तेव्हा कळलं की मागच्या आडव्या बीममुळे ड्रिल काटकोनात धरताच येत नाही. पाच अंशांचा कल दिसत होता. पाच अंशांच्या भोकावर वायसर आयुष्यभर गळणार. ड्रिल खाली ठेवलं आणि चेंबर उतरवायचं ठरवलं.

चेंबर उतरवणं वेळखाऊ आहे, अवघड नाही. एम६चे बोल्ट कडेकडेने सोडले. चेंबर इंजिनला चिकटवणारा सीलंट सुटेना, तेव्हा पातळ पातं हळूहळू सरकवत नेलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, अ‍ॅल्युमिनिअमच्या काठावर जो खड्डा पडतो तिथूनच पुढे गळतं. जुना सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसल्या.

आणि इथे या तीन आठवड्यांतला सर्वात मोठा आनंद मिळाला. चेंबरच्या आत गाळ नाही. तळाला फिकट मधासारखा रंग, बस. पंपाच्या चाळणीत काहीही अडकलेलं नाही. वेळेवर बदललेल्या ऑईलने काय होतं हे आजवर वाचलं होतं, या वेळी हात फिरवून पाहिलं. बोट पांढऱ्या कापडावर घासलं, कापडावर फक्त ऑईलचा डाग पडला.

दुसरी गोष्ट दिसली ती चेंबर टेबलावर ठेवल्यावर. ड्रेनच्या भोकाची खालची कड तळापेक्षा थोडी वर आहे. सपाट ठेवून त्यात ऑईल ओतलं आणि भोकातून वाहायचं थांबल्यावर उरलेलं मोजलं: साधारण १५० मिलिलिटर. हाच चेंबर पुढून उचलून धरला तर जवळजवळ सगळं निघून गेलं. 'नाक वर करायचं की गाडी सपाट ठेवायची' हा आपला जुना वाद माझ्या गाडीपुरता मिटला. तुमचा प्लग पुढच्या बाजूला असेल तर उलटं करावं लागेल. पट्टी मात्र सपाट जागेवरच बघा.

भोक लेथवर काटकोनात घेतलं. बुश बसली, कॉलर चेंबरच्या पातळीत, नखाला कड लागत नाही. काठावर तीन मिलिमीटरची सीलंटची अखंड रेघ, प्रत्येक बोल्टच्या आतल्या बाजूने. बोल्ट समोरासमोर, १० न्यूटन-मीटर. रात्रभर वाळू दिलं.

ऑईल फिल्टरचं लवकर सांगते. पट्ट्याचा पाना विकून टाका, टोपीसारखा बसणारा घ्या. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने तपासा. राहिली आणि त्यावर नवी चढली तर इंजिन चालू होताच सगळं ऑईल जमिनीवर येतं. नव्या रिंगला ऑईलचं बोट, हाताने टेकेपर्यंत, मग पाऊण वेढा. जुना फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या, धातूची चमक नाही. ऑईल नेहमीचंच, ५डब्ल्यू-३० (जाडीची ग्रेड), एपीआय एसपी (दर्जाची खूण). जुनं डब्यात भरून रिसायकलिंगला दिलं. हातमोजे घाला, वापरलेलं ऑईल त्वचेला चांगलं नसतं.

पहिला स्टार्ट. ऑईलचा दिवा तिसऱ्या सेकंदाला विझला आणि मी श्वास सोडला. दहा मिनिटांनी खाली बॅटरी मारली, कोरडं.

पांढऱ्या पेंट मार्करने प्लगच्या डोक्यावरून चेंबरवर एक सरळ रेघ ओढली. फिल्टरवरही. प्लग हलला तर रेघ तुटलेली दिसते. फोटो काढला, किलोमीटरच्या आकड्यासकट. खरं तर ठरवलं होतं की ऑईलसाठी डीलरकडे कधीच जायचं नाही. लिहितालिहिता वाटतंय की तसं नको. रिकॉल, सॉफ्टवेअर, वॉरंटीतला दोष यांसाठी जावंच लागेल, आणि कधी अंगात ताप असेल, कधी जागा नसेल. तेव्हा वायसर माझा घेऊन जाईन, जॉब कार्डावर '३५ न्यूटन-मीटर, हाताने' लिहून घेईन, आणि घरी आल्यावर पट्टी आणि प्लग दोन्ही बघेन. ज्यांना हे करायचंच नाही त्यांनी निदान पट्टी बघावी. त्याला पानाही लागत नाही.

आणि आत्ता, हे लिहीत असतानाच, दुसरा विचार आलाय. प्लगऐवजी फुमोटोचा व्हॉल्व्ह लावला तर? खटका उचलून चतुर्थांश फिरवला की ऑईल वाहतं, आट्यांना पुन्हा हातच लागत नाही. प्रश्न एवढाच की तो किती बाहेर येतो. माझा प्लग आडवा असल्यामुळे रस्त्याचा दगड थेट लागणार नाही, पण मागच्या बीमपर्यंत जागा किती, हे मोजलेलं नाही. बुशच्या लांबीला व्हॉल्व्हचे आटे पुरतात का, तेही बघायचंय. उद्या कॅलिपर घेऊन खाली जाते. कुणी आडव्या प्लगच्या जागी लावला असेल तर बीमपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये कळवा.