रिजेक्शन धरून दर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कॉस्टिंग बघत होते. कास्टिंग, म्हणजे ओतकाम नव्हे; कॉस्टिंग, म्हणजे मालाचा दर काढणं. माहेरी हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. भट्टीजवळ जायचा संबंध वर्षातून एखाद्या वेळी, स्टॉक मोजताना. एरवी पिग आयर्न, स्क्रॅप, वीज, कोअर, फेटलिंग, रिजेक्शन (बाद माल), ओव्हरहेड, आणि सगळ्याच्या खाली रेघ मारून किलोमागे दर. मागच्या दिवाळीनंतर राजीनामा दिला. आता पूर्णवेळ चित्रं काढते, मुख्यतः जलरंगात.

तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "मनासारखं जगायला लागलीस बघ." त्यांची माया कळते, पण मनासारखं मी नोकरीत असतानाच रंगवत होते. रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचं, समोर दिसेल ते काढायचं, कुणाला दाखवायचं नाही, विकायचा तर प्रश्नच नाही. फसलं तर फाडून टाकायचं. याहून मनासारखं अजून काय असतं? आता गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "रंकाळा आहे तर मागं शालिनी पॅलेस पण घ्या की."

मग नोकरी सोडली कशाला? जलरंगाचा हात आठवड्यातून एकदा चालवून पुढं सरकत नाही, एवढंच कारण. रविवारी जरा सैल व्हायला लागला की सोमवार यायचा, पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून. हे मला 2019 च्या पुरात लक्षात आलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कारखान्याला जायला वाटच नव्हती. आमचं घर उंचावर. घरात शुक्रवार पेठेतले पाहुणे येऊन राहिलेले, गॅसवर कायम मोठं पातेलं चढलेलं, सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीच्या आकड्याकडे. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरातलं पोरगंसुद्धा सांगेल. त्या वर्षी पाणी त्याच्याही कितीतरी वर होतं. दिवसभर माणसांचं बघायचं आणि रात्री सगळे झोपले की ओट्यावर कागद पसरायचा, असं सलग चाललं. पाणी ओसरायच्या आत आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मला जमायला लागला होता. ब्रश एकदा फिरवायचा आणि परत हात लावायचा नाही, हे कितीतरी वर्षं नुसतं ऐकून होते. ते हाताला कळलं रोज बसल्यामुळं.

तरी लगेच सोडली नाही. मी कॉस्टिंगची बाई. आधी ग्रॅच्युइटी काढून बघितली: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. त्या रकमेत घराचे हप्ते किती महिने भागतात ते मांडलं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून आधी घरची पॉलिसी काढली आणि आत्तींच्या (सासूबाईंच्या) बीपीचा वेटिंग पिरियड नोकरीतच सुरू करून ठेवला. चित्रकलेवर लिहिणारे हा भाग का गाळतात कोण जाणे. हप्ता थकला की आभाळाचा वॉश कसला येतोय!

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि इथं चित्रकार म्हटलं की लोक थेट आबालाल रहमान यांच्यावर येतात. जे. जे.मध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार, 1931 साली गेला. महाराज 1922 ला वारले आणि त्यानंतर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तळ्यात बुडवली, अशी गोष्ट इथं सांगतात. सांगणारा ती कलावंताच्या विरक्तीची म्हणून सांगतो. मला तीत वेगळंच दिसतं. ज्याच्यासाठी चित्र काढायचं तो एकच माणूस होता, आणि तो गेला. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आबालालांच्या चित्रांसमोर उभं राहिलं की मला हेच सुचतं, आणि ते विरक्तीपेक्षा जास्त लागतं.

बाबूराव पेंटर यांचं उलटं. आनंदराव पेंटर यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, सिनेमाची पोस्टरं रंगवली, पुतळे केले. हे काम कलेचं आणि ते पोटाचं, अशा दोन वह्या त्यांनी ठेवल्या असतील असं वाटत नाही. माझ्यासारख्या बी.कॉम. बाईला आधार वाटतो तो या माणसाचा.

तर माझी वही अशी. एप्रिल-मे म्हणजे शाळेच्या भिंती. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंती' करून घेतात: बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, फळं, वाहतुकीचे नियम. दर चौरस फुटावर, रंग एक्स्टिरियर इमल्शनचा, परांची आणि शिडी आपली. सुट्टी संपायच्या आत भिंत संपली पाहिजे. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, कोल्हापूर जिल्हा जरा मोठा काढा, पोरांना लांबनं दिसला पाहिजे." मी म्हटलं, "सर, मग सांगली कुठं ठेवू?" ते म्हणाले, "सांगलीचं बघू नंतर." जिल्हा नकाशात असतो तेवढाच काढला, पण रंग असा भडक दिला की सर खूश. ओळखीच्या एका चित्रकारांना माझं हे काम कमीपणाचं वाटतं. उन्हात शिडीवर उभं राहून सरळ रेघ मारून दाखवा म्हणावं.

जून ते परीक्षेपर्यंत क्लास. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांचे. इंटरमीजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण मिळतात, बीला 5, सीला 3. पालक त्या सातासाठी येतात आणि पहिल्याच दिवशी तसं सांगतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं घोटून घेते. सातासाठी आलेल्यांतलं एखादं पोर तांब्याच्या कळशीवरचा उजेड काढताना जिभेचं टोक बाहेर काढून बसतं आणि क्लास सुटला तरी उठत नाही. त्याच्या आईला मात्र मी काही बोलत नाही. घाबरून क्लास बंद करतील.

पावसाळ्यात स्वतःची चित्रं फार होत नाहीत. जुलैत वॉश वाळता वाळत नाही, कपाटातल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते रंग लावल्यावरच दिसतात. मेमध्ये याच्या उलट: वॉश अर्ध्यावर वाळून कडा धरतो. माझा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. रस आटवायच्या काहिलीतून उठणारी वाफ आणि चुलवाणाचा धूर दोन्ही पांढुरकेच, पण वाफ निळसर सावली टाकते आणि धूर तपकिरी. हे मला एका गुळव्यानं सांगितलं, रंगाच्या भाषेत नाही, "वाफ वर जात्या, धूर बसतो" अशा शब्दांत. त्यावरून मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना वेगळे ठेवायला शिकले.

आता दर. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आपल्याकडं चित्राचा दर चित्रकार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडं बघून सांगतो. मी घरी पत्रक केलंय. 300 जीएसएमचा जाड कॉटन कागद, 22 बाय 30 इंचाच्या शीटचे चार तुकडे, रंग, ब्रशची झीज, पेट्रोल, माउंट, काच, फ्रेम (ही बहुतेक वेळा कागद आणि रंग मिळून होणाऱ्या खर्चाहून जास्त), तास, आणि रिजेक्शन. काढलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून जास्त माझी मीच बाद करते. एवढं रिजेक्शन फौंड्रीत असतं तर कुलूप लागलं असतं. तिथं बाद कास्टिंग निदान परत भट्टीत जातं, इथं कागदाची पाठ तेवढी क्लासच्या पोरांना सरावाला मिळते. म्हणून चांगल्या चित्राच्या दरात बाद चित्रांचा खर्च बसलाच पाहिजे.

शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही काही जणांनी मिळून प्रदर्शन लावलं तेव्हा एका गृहस्थांनी भवानी मंडपाच्या चित्रासमोर उभं राहून विचारलं, "ताई, हे किती वेळात काढलं?" म्हटलं, "दोन तास." "मग दोन तासाचे एवढे?" त्यांना पत्रक तोंडी वाचून दाखवलं, रिजेक्शनसकट. ते गृहस्थ उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे निघाले. रिजेक्शनचा मुद्दा त्यांना लगेच पटला, ओव्हरहेडवर मात्र त्यांनी वाद घातला. चित्र घेतलं. पाचशे कमी करून मागत होते, मी केले नाहीत.

घरी विरोध असा कुणी केला नाही. नवऱ्यानं पत्रक दोनदा तपासलं. आत्तींचा आक्षेप वेगळाच होता. मी अजून सकाळी साडेसातला डबा भरून बाहेर पडते, ते त्यांना खटकतं. "पगार बंद झाला, मग डबा कसा काय चालू?" पहिल्या महिन्यात रोज विचारायच्या. शेजारच्या काकी मात्र पहिल्यापासून माझ्या बाजूच्या. "मी येतो की एकदा घाटावर बघायला," म्हणाल्या, आल्या, आणि छत्री घेऊन पूर्ण वेळ माझ्या उजेडात उभ्या राहिल्या.

पगाराइतके पैसे अजून सुटत नाहीत. भिंतींच्या महिन्यात सुटतात, पावसाळ्यात क्लासवर निभतं, आणि निव्वळ चित्रांवरचा महिना क्वचित येतो. ग्रॅच्युइटीतली शिल्लक बघता पुढच्या मार्चपर्यंत मला काळजी नाही. मार्चला परत पत्रक मांडीन. भिंतींचा दर वाढवून मागायचा आहे, इमल्शन महागलंय.

घाटावर बरोबर बसायला येऊ का, असं बरेच जण विचारतात. रविवारी सकाळी सातला असते, शिवाजी पुलाच्या बाजूला. कागद आपापला आणा.